देवाजवळ धिटाईनें मागणें
(प्रार्थनेविषयीं एक अभ्यासपाठ)



आमच्या शाळेंत येणारीं पुष्कळ मुलें पावणें गांवांतून व त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून येतात. या गांवाचें नांव कसें पडलें याचा शोध करण्याचें हें स्थळ नव्हे; परंतु तें नांव उच्चारतांच मराठी कानाला एक क्रियापद सहज आठवतें. पावणें म्हणजे पोंचणें, पावणें म्हणजे मिळणें, आणि पावणें म्हणजे प्रसन्न होणें. पत्र पावलें, पैसे पावले, देव पावला, असें आपण रोज बोलतों. घेणाऱ्याचें घेणें आणि देणाऱ्याची कृपा हीं दोन्ही या एका शब्दांत सामावलीं आहेत. हिशेबांत मात्र तोच ध्वनि एक उणीव दाखवितो. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. आमच्या प्रार्थनेचेंही पुष्कळदां असेंच होतें. देणारा पुरते दोन द्यावयास उभा असतो, आणि आम्ही संकोचानें पावणेदोन मागून परत फिरतों.

देवाजवळ मोठें मागणें मागावें काय, हा प्रश्न वर्गांत आम्हांस अनेकदां विचारण्यांत येतो. कोणी म्हणतो, "देव सर्व जाणतो, मग मागावयाचें कशाला?" कोणी म्हणतो, "मागणें हें हावरेपणाचें लक्षण आहे. खऱ्या भक्तानें कांहींच मागूं नये." आणि कोणी अगदीं हळू आवाजांत विचारतो, "मीं मागितलें होतें, पण मिळालें नाहीं. आतां पुन्हां मागूं काय?" हे तिन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांची थट्टा करूं नये. या पाठांत आपण प्रथम मागण्याचे प्रकार पाहूं, नंतर शास्त्रांतील कांहीं धीट माणसें पाहूं, त्यानंतर आपल्याच महाराष्ट्रांत घडलेली एक गोष्ट पाहूं, आणि शेवटीं घरीं व शाळेंत आपण कसें मागावें याचा विचार करूं.

१. मागण्याचे तीन प्रकार

मागण्याचे तीन प्रकार आपल्या भागांतील लहान मुलासही ठाऊक आहेत.

पहिला प्रकार हक्काचा. ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील गांवांच्या जमिनी आधीं औद्योगिक वसाहतीसाठीं आणि १९७० नंतर नव्या शहरासाठीं सरकारनें घेतल्या. ज्यांच्या भातखाचरांवर कारखाने व इमारती उभ्या राहिल्या त्यांनीं आपला वाटा मागितला, तो कोणाची मेहेरबानी म्हणून मागितला नाहीं. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत याच मागणीसाठीं झालेल्या आंदोलनांत पांच जणांचे प्राण गेले, आणि पुढें घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना आली. 'साडेबारा टक्के' हे शब्द आमच्या पालकांपैकीं कित्येकांच्या घरांत नित्य ऐकूं येतात. अशी मागणी धिटाईनेंच करावी लागते, आणि ती न्याय्य आहे. तिचा आधार कायदा व कागदपत्र हा असतो.

दुसरा प्रकार व्यवहाराचा. 'अमुक दे, म्हणजे तमुक देईन,' असा हा करार असतो. नवस बोलणें आणि फेडणें ही आपल्या कोंकणपट्टीची जुनी रीति आहे, आणि ती एकाच धर्माची नाहीं. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या डोंगरावर दर सप्टेंबरांत जत्रा भरते. तेथें ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो, ज्याला घर हवें तो मेणाचें घर वाहतो. आणि त्या रांगेंत ख्रिस्ती व हिंदु शेजारीं शेजारीं उभे असतात. नवस फेडणाऱ्याचा प्रामाणिकपणा आम्ही मोठा मानतों. दिलेला शब्द पाळण्यासाठीं गरीब मनुष्य कर्ज काढून डोंगर चढतो, हें लहानसहान नव्हे. तथापि या प्रकारांत एक भय लपलेलें असतें. माझ्याजवळ द्यावयास कांहींच नसेल तर देव माझें ऐकेल काय?

तिसरा प्रकार लेंकराचा. मूल आईचा पदर धरून भाकर मागतें तेव्हां त्याच्या हातीं सातबाराचा उतारा नसतो, आणि मोबदल्यांत द्यावयासही त्याच्याजवळ कांहीं नसतें. तरी त्याच्याइतकें निर्भयपणें मागणारें जगांत दुसरें कोणी नाहीं. तें संकोच करीत नाहीं, वेळ पाहत नाहीं, आणि एकदां नाहीं म्हटलें तर लगेच रुसून घर सोडून जात नाहीं. प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस प्रार्थना शिकवितांना देवाला बाप म्हणावयास लाविलें, तें याच कारणास्तव. त्या एका शब्दानें मागणाऱ्याची जागा ठरून जाते. तो कचेरींत उभा राहिलेला अर्जदार राहत नाहीं, कीं बाजारांत सौदा करणारा गिऱ्हाईक राहत नाहीं. तो घरांत बसलेलें मूल होतो.

इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रांत कृपासनाजवळ धैर्यानें जाण्याविषयीं उपदेश आहे. तेथें योजलेला मूळ ग्रीक शब्द 'पार्रेसिया' असा आहे. ग्रीक नगरांतील स्वतंत्र नागरिकास सभेंत उभें राहून मोकळ्या तोंडानें बोलण्याचा जो अधिकार असे, त्यास हें नांव होतें. गुलामाला तो अधिकार नव्हता. तेव्हां प्रार्थनेंतील धिटाई म्हणजे आवाज चढविणें नव्हे. ज्यास गुलामगिरींतून घरांत घेतलें आहे त्याचें तें मोकळें बोलणें होय.

२. शास्त्रांतील धीट माणसें

पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायांत नांवांमागून नांवें येतात. वाचतांना विद्यार्थ्यांस झोंप यावी असा तो भाग आहे. अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र अमका, अशी ती वंशावळ चालत असतां एकाएकीं लेखक एका माणसापाशीं थांबतो. त्याचें नांव याबेस. आईनें त्याला वेदनेंत जन्म दिला म्हणून तिनें त्याचें नांवच दुःखावरून ठेविलें. ज्याला रोज हांक मारतांना दुःखाची आठवण व्हावी अशा मुलानें कोणतें मागणें मागावें? त्यानें चार गोष्टी मागितल्या: देवानें आपणांस आशीर्वाद द्यावा, आपली सीमा वाढवावी, त्याचा हात आपणांबरोबर असावा, आणि अरिष्टापासून त्यानें आपणांस राखावें. देवानें त्याचें मागणें पुरविलें, एवढेंच सांगून ती हकीकत संपते. याबेसानें कोणतें युद्ध जिंकलें, कोणतें नगर बांधलें, याविषयीं एक अक्षर नाहीं. मागणें हीच त्याची कीर्ति.

या चार मागण्यांचा क्रम लक्षांत घ्यावा. सीमा वाढविण्याच्या मागण्यास लागूनच हात बरोबर असण्याचें मागणें आहे. जबाबदारी वाढली आणि सोबत नसली तर वाढलेली सीमा हेंच अरिष्ट होतें. ज्यांच्या घरीं एकाएकीं पुष्कळ पैसा आला आणि दोन वर्षांत भाऊ भावाशीं बोलेनासा झाला, अशीं घरें प्रत्येक गांवांत असतात. म्हणून याबेसाचें मागणें मोठें आहे तसें शहाणपणाचेंही आहे.

आतां अब्राहामाकडे पाहा. सदोम नगराचा नाश होणार असें कळल्यावर तो देवापुढें उभा राहून विनंति करूं लागला. नगरांत पन्नास नीतिमान असतील तर? मग पंचेचाळीस, मग चाळीस, मग तीस, मग वीस, आणि शेवटीं दहा. सहा वेळां त्यानें मागितलें आणि सहाही वेळां देवानें होकार दिला. प्रत्येक वेळीं अब्राहाम आपण धूळ व राख आहों हें विसरला नाहीं, पण थांबलाही नाहीं. नम्रता आणि धिटाई एका जिभेवर कशा नांदतात याचा हा नमुना आहे. शिवाय हें सारें मागणें त्या परक्या नगरासाठीं होतें. स्वतःसाठीं त्यांत कांहीं नव्हतें.

प्रभूनें सांगितलेल्या दृष्टांतांतही हाच धागा आहे. मध्यरात्रीं एकाच्या घरीं पाहुणा आला आणि घरांत भाकर नव्हती. तो शेजाऱ्याचें दार ठोठावूं लागला. शेजारी आंतून म्हणाला, दार लावलें आहे, मुलें निजलीं आहेत. तरी तो ठोठावीत राहिला. येथें योजलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ चिकाटी असा नाहीं, त्याचा सरळ अर्थ निलाजरेपणा असा आहे. परंतु ही लाज त्यानें कोणासाठीं सोडली? त्याला तीन भाकरी हव्या होत्या त्या वाटेवरून दमून आलेल्या पाहुण्यासाठीं. स्वतःच्या पोटासाठीं तो कदाचित् सकाळपर्यंत थांबला असता.

यरीहोच्या रस्त्यावरील आंधळा बार्तीमय ओरडूं लागला तेव्हां लोकांनीं त्याला गप्प बसावयास सांगितलें. तो अधिकच ओरडला. प्रभु थांबला आणि त्यानें विचारलें कीं मी तुझ्यासाठीं काय करावें अशी तुझी इच्छा आहे. आंधळ्याला काय हवें हें कोणालाही दिसत होतें. मग हा प्रश्न कां? 'देव सर्व जाणतो, मग मागावयाचें कशाला' या आपल्या पहिल्या शंकेचें उत्तर येथें आहे. देवाला माहिती पुरविण्यासाठीं आपण मागत नाहीं. आपणांस खरोखर काय हवें हें आपल्याच तोंडून निघावें, आणि मग तें मिळाल्यावर तें कोणी दिलें हें आपण विसरूं नये, यासाठीं मागावयाचें असतें.

३. पंधराचा वर्ग

आतां आपल्या मातीकडे वळूं. पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें मुलीस शिकविलें. कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत देशभर हिंडे. पुढें दुष्काळांत जवळचा पैसा संपला, आणि आई, वडील व थोरली बहीण हीं थोड्या थोड्या अंतरानें निघून गेलीं. भुकेच्या त्या दिवसांची आठवण बाईंनीं जन्मभर जपली. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० सालीं विवाह, १८८२ सालीं वैधव्य, १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदनाची स्थापना, असा त्यांचा प्रवास झाला. पुढील वर्षीं तें सदन पुण्यास गेलें.

शारदा सदनास अमेरिकेंतील मित्रमंडळानें दहा वर्षें साह्य देण्याचें वचन दिलें होतें. त्या वचनाची मुदत संपत आल्यावर काय करावें याची चिंता बाईंस लागली. १८९३ सालीं सदनांतील धर्माच्या प्रश्नावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें होतें आणि मान्यवर सल्लागारांनीं अंग काढून घेतलें होतें. तेव्हां पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव येथें त्यांनीं जमीन घेतली आणि तेथें फळझाडें लाविलीं. झाडें फळास येतील व त्या उत्पन्नावर शाळा चालेल, असा त्यांचा हिशेब होता. याच काळांत त्यांनीं ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांची हकीकत वाचली. त्या गृहस्थानें कोणाही मनुष्यापुढें हात न पसरतां केवळ देवाजवळ मागून आपल्या आयुष्यांत दहा हजारांहून अधिक अनाथ मुलें सांभाळिलीं. असें आपल्या देशांतही घडूं शकेल काय, हा विचार बाईंच्या मनांत घर करून राहिला.

१८९६ सालीं लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांची सभा भरली होती. एके सकाळीं रमाबाई एकांतीं प्रार्थना करावयास रानांत गेल्या. त्यांच्या मुलींपैकीं पंधराजणी तोंवर ख्रिस्ताच्या विश्वासांत आल्या होत्या. त्याबद्दल देवाचे उपकार मानतां मानतां त्यांच्या मनांत एक मागणें उभें राहिलें: पुढल्या वर्षीं सभा भरण्यापूर्वीं देवानें या संख्येचा वर्ग करावा.

विद्यार्थ्यांनो, पाटीवर गुणाकार करून पाहा. पंधरा गुणिलें पंधरा, दोनशें पंचवीस. दुप्पट मागितले असते तर तीस झाले असते, आणि ती वाढही कोणी थोडी म्हटली नसती. अमेरिकेहून येणारा पैसा कसाबसा पन्नास मुलींच्या अन्नवस्त्रास व शिक्षणास पुरे. अशा स्थितींत दोनशें पंचवीसांचें मागणें गणिताच्या दृष्टीनें वेडेपणाचें होतें. देवाला कांहीं अशक्य नाहीं या अर्थाचें यिर्मयाच्या पुस्तकांतील वचन त्यांस आधारास मिळालें, आणि तें मागणें त्यांनीं लिहून ठेविलें. लिहून ठेवणें हीसुद्धां एक धिटाई आहे. जें लिहिलें जातें तें पुढें तपासतां येतें.

महिने लोटले. संख्या वाढण्याचें कांहींच चिन्ह दिसेना. मग १८९६ सालच्या अखेरीस मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडल्याच्या वार्ता येऊं लागल्या. ज्या बाईनें स्वतः भुकेनें आई-बाप गमाविले होते तिला त्या वार्ता वाचून स्वस्थ बसवेना. ती दुष्काळी मुलुखांत गेली. रस्त्याच्या कडेला हाडांचे सांपळे झालेल्या मुली, अनाथ झालेल्या, कोणीही उचलून न्याव्या अशा स्थितींत तिला दिसल्या. तेथें तिनें मनाशीं संख्या ठरविली: तीनशें. लोक विचारूं लागले कीं पन्नासांच्या पैशांत तीनशें मुलींस कसें पोसणार. देवानें ही गोष्ट मनांत घातली आहे, तोच पाहील, एवढेंच तिचें उत्तर होतें.

मुली पुण्यास आणल्या तर तेथें प्लेगची साथ. १८९७ च्या त्या दिवसांत नव्या माणसांस शहरांत ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हां फळझाडांसाठीं घेतलेली केडगांवची जमीन उपयोगी पडली. तंबू व झोंपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतून 'मुक्ति' ही वसाहत जन्मास आली. पुढील सभेची वेळ आली तेव्हां दोनशें पंचवीसांचें आपलें मागणें देवानें पुरविलें होतें, अशी साक्ष बाईंनीं दिली आहे. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तींतील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. ती संस्था केडगांवीं आजही चालू आहे.

४. मागणें आणि राबणें

या गोष्टीचा अर्थ लावतांना एक चूक होऊं शकते, ती येथेंच टाळावी. रमाबाईंचें मागणें पुरें व्हावें म्हणून देवानें दुष्काळ पाडला, असें म्हणणें म्हणजे देवाची निंदा होय. दुष्काळ पडला तेव्हां इतर शेंकडो लोकांनींही तीं वर्तमानपत्रें वाचलीं. ज्या बाईनें आधींच मोठें मागून ठेविलें होतें तिच्या मनाचें दार मात्र उघडें होतें. मोठें मागणारा मनुष्य मोठें काम समोर आल्यावर त्याला ओळखतो. लहान मागणारा त्याच कामाला संकट म्हणतो आणि वाट बदलतो.

दुसरें असें कीं उत्तर धान्याच्या पोत्यांच्या रूपानें आलें नाहीं. तें तीनशें भुकेल्या तोंडांच्या रूपानें आलें. बाईंनीं आशीर्वाद मागितला आणि देवानें त्यांस चुली पेटविण्याचें, जखमा धुण्याचें, रात्रीं जागण्याचें काम दिलें. मुक्तींत मुली शेती करूं लागल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविण्यांत आली. तेथील प्रार्थना आणि तेथील कष्ट हीं एकाच दिवसाच्या दोन घटका होत्या. याकोबानें आपल्या पत्रांत बजाविलें आहे कीं उघड्या व भुकेल्या बांधवास तोंडानें आशीर्वाद देऊन रिकाम्या हातीं परत पाठविण्यांत कांहीं लाभ नाहीं. जो देवाजवळ हात पसरतो त्यानें तेच हात कामास लावावयाचे असतात.

दुसऱ्या शंकेचें मूळही येथें सांपडतें. मागणें हें हावरेपणाचें लक्षण आहे काय? मागणें किती मोठें आहे यावरून हांव ठरत नाहीं. तें कोणासाठीं आहे यावरून ठरते. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत भाकर आहे, आणि ती रोजची आहे; पण ती 'माझी' नाहीं, 'आमची' आहे. पावण्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळीं घरीं येणारा बाप ही प्रार्थना म्हणतो तेव्हां त्याच्या भाकरीबरोबर शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराची भाकरही मागितली जाते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. या प्रार्थनेंत एकवचनाला जागाच ठेविलेली नाहीं.

५. 'नाहीं' असें उत्तर आलें तर

आतां त्या हळू आवाजांत विचारलेल्या प्रश्नाकडे येऊं. मागितलें आणि मिळालें नाहीं, त्याचें काय?

ज्या शास्त्रांत याबेसाची गोष्ट आहे त्याच शास्त्रांत पौलाचीही आहे. शरीरांतील एक कांटा निघावा म्हणून त्यानें तीन वेळां विनंति केली. कांटा निघाला नाहीं. तो सोसण्यास पुरेल इतकी कृपा मिळाली. गेथशेमाने बागेंत स्वतः प्रभूनें प्याला दूर व्हावा म्हणून प्रार्थना केली, आणि प्याला दूर झाला नाहीं. पुत्राला जें नाकारलें गेलें त्याहून आपल्याला अधिक मिळेलच असा हट्ट कोणी धरावा? परंतु त्यानें मागितलें, ही गोष्ट विसरूं नये. देवाच्या इच्छेला मान देणें म्हणजे आपली इच्छा लपविणें नव्हे. आधीं ती पुरती उघड करावी, मग त्याच्या हातीं सोंपवावी.

रमाबाईंच्या घरींही 'नाहीं' आलें. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा शिकून आईच्या कामांत उजवा हात झाली होती. पुढें संस्था तिनेंच चालवावी अशी आईची आशा होती. १९२१ सालीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं मनोरमाबाई वारल्या. ज्या आईनें शेंकडो मुलींसाठीं मागितलें आणि तिला मिळालें, तिची स्वतःची मुलगी राहिली नाहीं. याचें स्पष्टीकरण आमच्याजवळ नाहीं, आणि जो तें झटकन् देतो त्याच्यावर विद्यार्थ्यांनीं फार विश्वास ठेवूं नये. एवढें मात्र दिसतें कीं आईनें काम टाकिलें नाहीं. मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून त्या कित्येक वर्षें साध्या माणसास कळेल अशा मराठींत बायबलाचें भाषांतर करीत होत्या. अखेरचीं मुद्रितें तपासून होईपर्यंत आयुष्य द्यावें, एवढेंच शेवटचें मागणें त्यांनीं मागितलें अशी आठवण सांगतात. काम पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

ज्यास एकदां नकार मिळाला त्यानें पुन्हां मागावें काय? मागावें. नकार मिळाल्यावर जें मूल आईजवळ पुन्हां जातें तें आईवर विश्वास ठेवतें. जें कोपऱ्यांत जाऊन बसतें त्याला भाकरीपेक्षां आईची गरज अधिक असते.

६. घरीं आणि शाळेंत

विद्यार्थ्यांनो, परीक्षेपूर्वीं तुम्ही प्रार्थना करितां हें आम्ही जाणतों. वर्गांत पहिला नंबर एकच असतो आणि तो मागणारे पुष्कळ असतात. तेव्हां अशा मागण्यानें देवाला अडचणींत घालूं नका. त्याहून मोठें मागा. केलेला अभ्यास ऐन वेळीं आठवावा, समजलें नाहीं तें विचारण्याची लाज जावी, नक्कल करण्याचा मोह आवरावा, आणि शेजारच्या बाकावरील मुलगाही उत्तीर्ण व्हावा, असें मागा. हें मागणें पहिल्या नंबरापेक्षां अवघड आहे. तें मिळालेला मुलगा पुढें जन्मभर कामास येतो.

पालकहो, आपलें मूल आपल्याजवळ कसें मागतें त्यावरून तें देवाजवळ कसें मागेल हें बव्हंशीं ठरतें. ज्या घरांत प्रत्येक मागण्यास ओरडा मिळतो तेथील मूल देवालाही भिऊन असतें. ज्या घरांत प्रत्येक मागणें तात्काळ पुरविलें जातें तेथील मूल देवाला दुकानदार समजतें. कारखाना बंद पडला असेल, पगार थांबला असेल, तर मुलांपासून तें सारें लपवूं नका. त्यांना जवळ घेऊन त्यांच्यासमक्ष देवाजवळ मागा. बापाचे हात जोडलेले ज्या मुलानें पाहिले तें मूल पुढें कोणत्याही संकटांत अगदीं एकटें पडत नाहीं.

सर्वांनीं एक लहानशी वही ठेवावी. एका पानावर मागणें व तारीख लिहावी, समोरचें पान कोरें सोडावें. उत्तर येईल तेव्हां तें त्या कोऱ्या पानावर लिहावें, मग तें होकाराचें असो वा नकाराचें. वर्षाच्या शेवटीं ती वही वाचून पाहावी. कित्येक मागणीं आतां नकोशीं वाटतील, कित्येक पुरीं होऊनही विसरलीं गेलेलीं दिसतील, आणि एखाद्या कोऱ्या पानापुढें अजून थांबावें लागेल. त्या पानावरची तारीख खोडूं नये.

मननासाठीं प्रश्न

१. हक्कानें मागणें, नवस करून मागणें आणि लेंकरानें मागणें यांत काय भेद आहे? तुमच्या घरांतील एक एक उदाहरण द्या.

२. याबेसाच्या चार मागण्या क्रमानें लिहा. तिसरें मागणें नसतें तर दुसऱ्याचा काय परिणाम झाला असता?

३. मध्यरात्रीं दार ठोठावणारा मनुष्य कोणासाठीं मागत होता? या आठवड्यांत तुम्ही दुसऱ्या कोणासाठीं काय मागाल?

४. पंडिता रमाबाईंच्या मागण्याचें उत्तर कोणत्या रूपानें आलें? तें उत्तर मिळाल्यावर त्यांस कोणतें काम करावें लागलें?

५. तुमच्या आजच्या एखाद्या मागण्याचा 'वर्ग' करावयाचा ठरविलें तर तें मागणें काय होईल, आणि त्यासाठीं तुमचे हात कोणत्या कामास लागतील? हें उत्तर कोणास दाखविण्याची गरज नाहीं.